पालकत्वाला बेकारीची सवलत नाही

कौटुंबिक न्यायालयाच्या दालनाबाहेर सकाळी अकराच्या सुमारास जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला एक दृश्य हमखास पाहावयास मिळेल. बाकावर एक स्त्री बसलेली असते. मांडीवर धाकटे मूल, शेजारी शाळेच्या गणवेशातले मधले, आणि खांबाला टेकून उभी असलेली थोरली मुलगी. सारे काही कळण्याइतके वय झाल्याने तिची मान खाली असते. समोरच्या भिंतीपाशी त्या मुलांचा बाप उभा असतो. अंगात इस्त्रीचा सदरा, सोबत भाऊ आणि वकील. पुकारा होतो, मंडळी आत जातात, आणि बापाच्या वतीने प्रतिज्ञापत्र सादर होते : "अर्जदारास सध्या कोणतेही काम नाही. उत्पन्न शून्य." पुढची तारीख पडते. बाप भावाच्या मोटारसायकलवरून निघून जातो, आणि तीन मुले आजोळच्या दोन खोल्यांत परततात.

हे चित्र कुणा एका कुटुंबाचे नाही. नावगाव बदलले तरी प्रतिज्ञापत्रातील वाक्य बदलत नाही. त्यातून निर्माण होणारा प्रश्न केवळ वकिलांनी सोडवायचा नाही, तो समाजाने स्वतःला विचारायचा आहे. उत्पन्न शून्य झाले म्हणजे दायित्वही शून्य होते काय? मूल एक असो वा चार, ज्याच्या हाताला काम नाही त्या पालकाचे त्यांच्याशी असलेले नाते तेवढ्या काळापुरते स्थगित होते काय?

नाते आधी, मिळकत नंतर

भारतीय परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जनपदाची घडी बसवताना राजाने कोणाला दंड करावा, याची यादी आहे. मुले, पत्नी, आईवडील, अज्ञान भाऊ, अविवाहित व विधवा बहिणी यांचे पोषण न करणाऱ्यास कौटिल्य बारा पणांचा दंड सांगतो. हा दंड कोणाला? कौटिल्याने तेथे 'धनवान' असा शब्द योजलेला नाही, त्याचा शब्द 'शक्तिमान' असा आहे. ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे, तो बांधील. खिशात काय आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. इतकेच नव्हे, तर बायकामुलांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्यालाही कौटिल्य दंडास पात्र ठरवतो. ज्या देशात संन्यासाइतकी मोठी प्रतिष्ठा दुसऱ्या कशालाही नव्हती, तेथे मुलांना उघड्यावर टाकून घेतलेल्या भगव्या वस्त्रालाही सूट नव्हती. मग घरी बसून राहणाऱ्याला ती कोठून मिळणार?

वृद्ध मातापिता, साध्वी पत्नी आणि तान्हे मूल यांचे पोषण, वेळप्रसंगी शंभर न करण्याजोगी कामे करूनही केलेच पाहिजे, असे मनूच्या नावे सांगितले जाणारे वचन धर्मशास्त्राच्या टीकाकारांनी आधार म्हणून घेतले. कल्याणीच्या चालुक्य राजसभेत विज्ञानेश्वराने लिहिलेल्या 'मिताक्षरे'च्या परंपरेत वाढलेल्या हिंदू विधीने त्यातूनच एक तत्त्व स्थिर केले. पत्नी, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि वृद्ध आईबाप यांच्या पोषणाची जबाबदारी ही व्यक्तिगत आहे. ती नात्यातून उगवते, मालमत्तेतून नव्हे. कर्त्याजवळ वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा असो वा नसो, ती त्याच्यावर आहेच. पितृऋणाची कल्पना तरी दुसरे काय सांगते? ज्यांनी आपणास वाढवले त्यांचे ऋण पुढच्या पिढीला वाढवूनच फेडायचे असते, आणि ऋणकोची आजची मिळकत घटली म्हणून ऋण नाहीसे होत नसते.

कायद्यानेही हेच म्हटले आहे

स्वतंत्र भारताने १९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम केला. त्याच्या कलम २० ने हिंदू व्यक्तीवर, मग ती स्त्री असो वा पुरुष, औरस व अनौरस अशा दोन्ही अपत्यांच्या निर्वाहाचे बंधन घातले. निर्वाह म्हणजे नुसती भाकरी नव्हे. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी हे सारे त्यात येते, आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या विवाहाचा वाजवी खर्चही. मुलगी अविवाहित असून स्वतःच्या मिळकतीवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही तिचा हा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो स्पष्ट शब्दांत पुन्हा मान्य केला.

दुसरा मार्ग सर्वधर्मीयांना खुला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हा त्याचा परिचित पत्ता होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आला. 'पुरेशी साधने' असूनही जो मुलांची हेळसांड करतो, त्याच्याविरुद्ध दंडाधिकारी आदेश देऊ शकतात. बेकारीचा बचाव नेमका याच शब्दांच्या आडून केला जातो : साधनेच नाहीत, तर आदेश कसला? न्यायालयांनी ही पळवाट बुजवली आहे. साधने म्हणजे केवळ हाती पडणारे वेतन नव्हे, कमावण्याची क्षमता हेही साधनच आहे. धडधाकट शरीर असलेल्या पतीने शारीरिक कष्ट करूनही पैसा मिळवला पाहिजे आणि पत्नी व अज्ञान मुलांचे पोषण केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये आणखी व्यवहारी भाषा वापरली : नोकरी नसेल तर अकुशल मजूर म्हणूनही दिवसाला तीनचारशे रुपये मिळवता येतात. कौटिल्याचा 'शक्तिमान' आणि आजच्या न्यायालयाचा 'धडधाकट' हे एकाच अर्थाचे दोन उच्चार आहेत.

महाराष्ट्राला तर ही भाषा नवी वाटू नये. १९७२ च्या दुष्काळाच्या होरपळीत वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच राज्यात रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या हातांमध्ये सातबारा नावावर असलेले शेतकरीही होते. मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी खडी फोडण्यात कमीपणा मानला नाही. पदवी आहे, पण पदवीला साजेशी नोकरी नाही, म्हणून घरी बसलेल्या बापाने त्या पिढीकडे एकदा पाहावे.

मुले अनेक, भाकरी एक

मुलांची संख्या वाढली की प्रश्न अधिक कठीण होतो. १९५६ च्या अधिनियमाने निर्वाहाची रक्कम ठरवताना पोषणाचा हक्क असलेल्यांची संख्या लक्षात घ्यावी, असे सांगितले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली एका निर्णयात सोपी रीत सुचवली : कुटुंबाचे उत्पन्न एकत्र धरावे, कमावत्याला बाहेरच्या खर्चासाठी दोन वाटे आणि इतर प्रत्येकाला एकेक वाटा द्यावा. समजा, तीन मुले, पत्नी आणि पती असे कुटुंब आहे, आणि न्यायालयाने बेकार म्हणवणाऱ्या पतीची मजुरीची क्षमता महिना दहा हजार रुपये धरली. एकूण सहा वाटे होतात. एका मुलाच्या वाट्याला १,६६६ रुपये येतात.

ही रक्कम ऐकून कुणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? ज्या घरात एका पगारात वह्या, बूट, रिक्षा आणि तापाचे औषध बसवायचे असते, त्या घरातील गृहिणीला विचारावे. तिघांचे मिळून पाच हजार रुपये म्हणजे त्या घराचा किराणा आणि दुधाचा हिशेब. ती रक्कम आली नाही, तर पहिली कात्री थोरल्या मुलीच्या शिकवणीला लागते आणि दुसरी तिच्या महाविद्यालयाला. बापाच्या बेकारीची किंमत चुकवणारी पहिली व्यक्ती बहुधा तीच असते.

काही जण याहून पुढचा युक्तिवाद करतात : दुसरा विवाह झाला आहे, तेथेही मूल आहे, आता दोन्हीकडे कोठून द्यायचे? सर्वोच्च न्यायालयापुढे २०१७ साली असे एक प्रकरण आले. पतीने पुन्हा विवाह केला होता, त्या विवाहातील मुलाचा भार त्याच्यावर होता. न्यायालयाने तो भार विचारात घेतला आणि घटस्फोटित पत्नीची पोटगी २३,००० वरून २०,००० वर आणली. यातील बोध उघड आहे. दुसऱ्या संसाराने पहिल्या संसाराचे देणे थोडे हलके होते, फिटत नाही.

आईचे दायित्व कोणते?

पालक म्हणजे केवळ पिता नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. अधिनियमाने आईलाही बांधील धरले आहे. आई कमावती असेल तर मुलांच्या खर्चाचा भार दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात उचलावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटले आणि २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला दुजोरा दिला. प्रश्न उरतो तो न कमावणाऱ्या आईचा. "तीही शिकलेली आहे, तीही बेकार आहे, मग मलाच का धरता?" असे विचारणारे पती कमी नाहीत.

येथे 'बेकार' हा शब्दच फसवा आहे. पहाटे पाचला उठून तीन मुलांचे डबे, अभ्यास, आजारपण आणि रात्रीचे जागरण सांभाळणारी स्त्री रिकामी नसते, तिच्या श्रमाला वेतन नसते इतकेच. गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईसंबंधीच्या एका निर्णयात ठामपणे नोंदवले. आई आपला वाटा रोज श्रमाने भरते. ज्याच्याकडे मुले नाहीत आणि कामही नाही, त्याच्याकडे निदान वेळ तरी भरपूर असतो. उलट मुले बापाकडे वाढत असतील आणि आई समर्थ असूनही हात झटकत असेल, तर तिलाही हाच न्याय लागू आहे.

पतिपत्नींच्या भांडणात खोट्या तक्रारी होतात, कायद्याचा गैरवापर होतो, ही ओरड निराधार नाही. त्याची शहानिशा झालीच पाहिजे. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विशिष्ट परिस्थितीत पत्नीचा पोटगीचा हक्क जाऊ शकतो, तशी तरतूद कायद्यात आहे. आईच्या दोषासाठी मुलाचा हक्क काढून घेणारी तरतूद मात्र कायद्यात नाही. पत्नीवरील राग मुलाच्या ताटातून वसूल करण्याची मुभा कोणत्याही बापाला नाही.

मुलाची भूक आणि मतपेढी

या विषयाची एक राष्ट्रीय बाजूही आहे. १९८५ साली पाच अपत्यांची माता असलेल्या शाहबानो यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि मतपेढीच्या धास्तीने तत्कालीन केंद्र सरकारने १९८६ साली नवा कायदा करून तो निष्प्रभ केला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या कायद्याचे एक पोटकलम मात्र फारसे चर्चेत आले नाही. घटस्फोटित मातेला तिच्याजवळील मुलांच्या पोषणासाठी मुलाच्या जन्मापासून केवळ दोन वर्षे रक्कम मिळेल, असे त्यात होते. त्याचा आधार घेऊन बिहारमधील तीन मुलांच्या बापाने हात वर केले, आणि पाटणा उच्च न्यायालयातही दोन वर्षांची मर्यादा ग्राह्य धरली गेली. अखेरीस १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अज्ञान मुलांचा कलम १२५ खालचा हक्क स्वतंत्र आहे आणि या कायद्याने तो हिरावला जात नाही.

दोन वर्षांनंतर मुलाला भूक लागत नाही, असे कोणता धर्म सांगतो? मतांच्या हिशेबात ज्यांना मुलाची भूकही सांप्रदायिक दिसली, त्यांनी अल्पसंख्य समाजातील बालकांचेच सर्वाधिक नुकसान केले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून समान नागरी कायदा नांदतो आहे, उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. संविधानाच्या अनुच्छेद ४४ ने दाखवलेल्या या वाटेवर जाताना बालकाचा निर्वाह हा प्रारंभबिंदू मानला, तर कोणत्याही प्रामाणिक माणसाला त्याला विरोध करता येणार नाही.

जो खरोखर हतबल आहे

आळशाला आणि आपद्ग्रस्ताला एका मापाने मोजणे हा अन्याय होय. कारखाना बंद पडला, अपघातात हात गेला, मनाच्या व्याधीने माणूस खचला, टाळेबंदीत धंदा बुडाला, असे असंख्य पालक आहेत. कायद्याला त्यांची जाण आहे. परिस्थिती बदलली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ नुसार पोटगीची रक्कम कमी करून मागता येते. प्रामाणिक माणसाने हा मार्ग धरावा. तो न धरता गप्प राहिले तर थकबाकी साचते, वसुलीचे अधिपत्र निघते, प्रसंगी कारावास होतो. आणि तुरुंगवास भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे. देता येईल तेवढे नियमाने द्यावे, राहिलेल्यासाठी न्यायालयापुढे उभे राहून खरे सांगावे. अशा बापाची मुले मोठेपणी त्याला दोष देत नाहीत.

अशा घरांसाठी शासनाची मदतही आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील मदत २०२३ साली मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. एकट्या पालकाजवळ वाढणाऱ्या किती गरजू मुलांच्या घरी तिचे नाव तरी पोहोचले आहे, हे वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाहावे.

हक्कसोडपत्राचे पाप

पश्चिमेकडील काही देशांनी वेगळा मार्ग धरला. जर्मनीत १९८० पासून असा कायदा आहे की, पालक पैसे देत नसेल तर शासन मुलाला आगाऊ रक्कम देते आणि मागाहून ती पालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्न करते. मूल उपाशी राहत नाही, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु शासन बापाच्या जागी उभे राहिले की बापाला आपली जागा रिकामी ठेवण्याची सवय लागते. आपल्याकडे हे आगाऊ देण्याचे काम एकत्र कुटुंब करीत असे. एक भाऊ बेकार झाला, तर दुसऱ्याच्या चुलीवर त्याच्या मुलांची भाकरी भाजली जाई, आणि त्याला कोणी उपकार म्हणत नसे.

आज ते कुटुंब विरळ झाले आहे. खंत एवढ्यावर थांबत नाही. जे कुटुंब मुलांच्या पाठीशी उभे राहायचे, तेच कित्येकदा पळणाऱ्या बापाच्या पाठीशी उभे राहते. पोटगीचा अर्ज दाखल झाल्याचे कळताच जमिनीचे हक्कसोडपत्र भावाच्या नावे होते, दुकानाचा परवाना वडिलांच्या नावे फिरतो, वाहन मेहुण्याचे होते. कर्ता मुलगा कागदोपत्री निष्कांचन होतो, आणि देवघरासमोर बसलेली आजी "आमचा मुलगा बेकार आहे हो" असे शपथेवर सांगायला तयार होते. ज्यांच्याविरुद्ध ती साक्ष असते, ती तिचीच नातवंडे असतात.

या सज्जनांनी हे विसरू नये की, एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतः हिस्सा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संपूर्ण देशाने २००५ साली तो मुलींनाही दिला. बाप आपला हक्क सोडू शकेल, मुलांचा हक्क सोडण्याचा अधिकार त्याला नाही. कायद्याच्या पलीकडचा प्रश्न मात्र अधिक टोचणारा आहे. भिंतीवर रामपंचायतनाचे चित्र, दारावर शुभलाभ, आणि कपाटात खोट्या हक्कसोडपत्राची प्रत, अशा घराला संस्कारी म्हणायचे काय?

पहिले न्यायालय घरचे

अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात काय होते? तान्ह्या मुलासह २०१३ साली नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेला एक वाद सर्वोच्च न्यायालयात २०२० च्या नोव्हेंबरात मिटला. तोवर ते मूल शाळेत जाऊ लागले होते. त्याच निकालात दोन्ही पक्षांनी आपल्या मालमत्तेचे आणि देण्याचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, आणि उत्पन्नाचे साधन नाही एवढ्या सबबीवर धडधाकट, शिकलेल्या पतीची सुटका होत नाही, असे न्यायालयाने घालून दिले. निकाल मोलाचा आहे. परंतु मुलाचे बालपण तारखांसाठी थांबत नाही.

म्हणून पहिले न्यायालय घरचे असले पाहिजे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत आठवड्यातून एकदा एकत्र भोजन, मातृभाषेतील संवाद, सणांचे महत्त्व यांवर बोलले जाते. ते योग्यच आहे. त्या बैठकीत हा अप्रिय विषयही आला पाहिजे. आपल्या नात्यात, आपल्या सोसायटीत, आपल्या परिचयात असा कोणी बाप आहे काय? त्याच्या मुलांची शाळेची फी कोण भरते? सून माहेरी गेली म्हणून नातवंडांशी संबंध तोडलेल्या आजोबांना कोणी चार शब्द सांगितले काय? बेकार तरुणाला लग्नात आहेर करायला जाणारे शंभर जण असतात, त्याची नोकरी गेल्यावर त्याला काम मिळवून देण्यासाठी त्यांतले दोघे जरी पुढे आले तरी एका घराची न्यायालयाची पायरी वाचेल.

काम शोधून द्यावे, कामाची लाज घालवावी, आणि एवढे करूनही जो हलत नाही त्याच्या बाजूने खोटी साक्ष देऊ नये. समाजाकडून एवढी अपेक्षा फार मोठी नाही. न्यायालयाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या असलेल्या त्या थोरल्या मुलीला बापाच्या प्रतिज्ञापत्रातील शून्य वाचता येते. त्या शून्याशेजारी आपल्या आजीची, काकाची, आत्याची सही आहे की नाही, हेही ती पाहत असते.